सहा वर्षांचे मास्तर

मार्च २०२४ मध्ये राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने एक शासन निर्णय काढला. शिक्षकांनी शाळेत काय घालून यावं, हे त्यात सांगितलं होतं. पुरुषांनी फिकट शर्ट आणि गडद पँट, शर्ट खोचलेला. महिलांनी साडी, किंवा सलवार-कमीज आणि दुपट्टा. जीन्स, टी-शर्ट चालणार नाही. त्याच कागदावर पुढे असंही होतं की डॉक्टर जसं नावाआधी ‘डॉ.’ लावतात, वकील ‘ॲड.’ लावतात, तसं शिक्षकांनी नावाआधी ‘टि’ लावावं. आधी ऑगस्ट २०२२ मध्ये ‘आपले गुरुजी’ नावाचा उपक्रम आला होता. त्यानुसार शिक्षकाचा ए-फोर आकाराचा रंगीत फोटो वर्गात लावायचा होता. काही मास्तर स्वतः न येता आपल्या जागी भलत्यालाच शिकवायला पाठवतात, अशा तक्रारींची तेव्हा जोरात चर्चा होती.

हे दोन कागद शेजारी ठेवले की मजा येते. एकात सरकार म्हणतं, तुमचा मान वाढला पाहिजे. दुसऱ्यात म्हणतं, हा खरोखर तूच आहेस ना, ते मुलांना दिसू दे. आणि दोन्ही वेळा आपण कोण, हे शिक्षकाने सांगायचं नसून त्याला सांगितलं जातं.

धुळे जिल्ह्यातल्या आमच्या शिंदखेड्याच्या एसटी स्टँडवर सकाळी उभं राहिलं, तर मास्तर ओळखायला फोटोची गरज पडत नाही. डब्याची पिशवी, खिशाला दोन पेनं, हेल्मेट, आणि शाळेत पोचण्याआधीच केंद्रप्रमुखांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘माहिती तात्काळ सादर करावी’ वाचून आक्रसलेला चेहरा. कुणी धुळ्याहून येतो, कुणी दोंडाईच्याहून, कुणी तापी ओलांडून शिरपूरहून. गावात त्यांना ‘अपडाऊनवाले’ म्हणतात. यात थोडी थट्टा असते आणि बराच राग. मुख्यालयी राहायचं असा नियम आहे. राहतो याचा पुरावा म्हणून ग्रामसभेचा ठराव मागितला जातो. म्हणजे मास्तर गावचा आहे की नाही, हे गावाने हात वर करून ठरवायचं. घरभाड्याच्या रकमेसाठी हा कागद लागतो, म्हणून तो मिळतोही. मग तो मास्तर कागदावर गावात राहतो आणि संध्याकाळी साडेपाचला गावाच्या देखत गाडीला किक मारतो. दोघांनाही सत्य माहीत असतं. या रोजच्या देखाव्याने शिक्षकाच्या प्रतिमेचं जेवढं नुकसान केलं, तेवढं कुठल्या राजकीय भाषणाने केलं नसेल.

आणि राग व्यक्त करताना लोक ज्याच्याशी तुलना करतात तो माणूस ठरलेला. पारावरची चर्चा कुठूनही सुरू होवो, पगारावरून, पेन्शनवरून, दारू पिऊन शाळेत आलेल्या कुण्या एकाच्या बातमीवरून, शेवटी कुणीतरी म्हणतंच: साने गुरुजींच्या खानदेशात ही गत!

साने गुरुजींचा खानदेश. शिंदखेड्याच्या स्टेशनावरून भुसावळकडे जाणारी पॅसेंजर धरली, की नरडाणा, बेटावद मागे टाकत तासाभरात अमळनेर येतं. पांडुरंग सदाशिव साने या नावाचा तरुण १९२३ मध्ये तिथे पोचला तो शिकवायला आला नव्हता, शिकायला आला होता. उद्योगपती प्रतापशेठ यांच्या देणगीतून १९१६ मध्ये उभ्या राहिलेल्या तत्त्वज्ञान मंदिरात तत्त्वज्ञानाचा अभ्यास करायला. पुण्याला एम. ए. झाल्यावर १९२४ मध्ये त्याच गावच्या प्रताप हायस्कुलात तो शिक्षक झाला. १९३० च्या एप्रिलमध्ये राजीनामा देऊन मिठाच्या सत्याग्रहात गेला. वर्गात काढलेली वर्षं सहा. पुढे धुळे, त्रिचनापल्ली, नाशिक, येरवडा अशा तुरुंगांत मिळून सहा वर्षांहून अधिक काळ गेला. म्हणजे हिशेब केला तर हा मनुष्य शिक्षकापेक्षा कैदी जास्त काळ होता. पण महाराष्ट्राने त्याला कायमचं गुरुजी केलं आणि बाकी सगळं त्या एका शब्दाखाली दाबून टाकलं. अमळनेरच्या मुलांसाठी तो तेव्हा ‘साने सर’ होता.

त्या सहा वर्षांत असं काय घडलं? वर्गातल्या शिकवण्याबद्दल सांगणारे बरेच आहेत, पण माझ्या मते खरी गोष्ट वर्गात घडली नाही, वसतिगृहात घडली. शाळेच्या छात्रालयाची देखरेख साने सरांकडे आली. खेड्यापाड्यांतून, शेतकऱ्यांच्या घरांतून आलेली मुलं. पहिल्यांदाच आईपासून लांब, घरची बोली अहिराणी, पुस्तकातली मराठी निराळी. कोकणातल्या पालगडहून आलेल्या सरांच्या घरची बोली काही अहिराणी नव्हती. तेही त्या अर्थाने परगावचेच. सर मुलांच्या खोल्या झाडत, अंथरुणं आवरत, आजारी मुलाच्या उशाशी बसत. उपदेश न करता काम करायचं आणि ते पाहून मुलाला लाज वाटली तर वाटू द्यायची, अशी ती पद्धत. आजच्या भाषेत याला मूल्यशिक्षण म्हणतील आणि त्याचा तक्ता भरून मागतील.

पण मला झाडूपेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं ते त्यांचं हस्तलिखित दैनिक. ‘छात्रालय’ नावाचं हे दैनिक साने सर स्वतः हाताने लिहीत. वर्गणी नाही, छापखाना नाही, वाचक म्हणजे एका इमारतीत राहणारी मुलं. देशातल्या घडामोडी, थोरांची चरित्रं, आणि छात्रालयातल्याच बारीकसारीक गोष्टी त्यात येत. विचार करा, दिवसभराचे तास घेऊन, वह्या तपासून, मुलांची दुखणीखुपणी काढून हा माणूस रात्री कागद ओढून बसतो आणि मूठभर मुलांसाठी उद्याचं वर्तमानपत्र लिहितो. त्यांना पुढे लाखो वाचक मिळाले, पण लिहिण्याचा हात इथे बसला. समोर कोण वाचणार आहे, त्याचं नाव काय, काल तो कशावरून रडला, हे माहीत असलेला लेखक फार थोड्यांच्या वाट्याला येतो. पुढे त्यांनी ‘विद्यार्थी’ हे मासिकही काढलं. आणि ‘धडपडणारी मुले’ या कादंबरीत हीच पोरं पात्रं होऊन परत आली. सरांनी मुलांना घडवलं हे सगळे सांगतात. मुलांनी सरांना लेखक केलं, हे कमी सांगितलं जातं.

या माणसाचा दुसरा मोठा वर्ग भरला तो आमच्याच जिल्ह्यात, धुळ्याच्या तुरुंगात. १९३२ साली. फरक इतकाच की तिथे ते विद्यार्थी होते. विनोबा भावे तेव्हा याच तुरुंगात होते. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी ते राजबंद्यांसमोर गीतेच्या एकेका अध्यायावर बोलले. अठरा रविवार, अठरा अध्याय. साने गुरुजींना लघुलेखन येत नव्हतं. तरी साध्या लिपीत, भराभर, समोर बोलणाऱ्याचा शब्द पडायच्या आत ते लिहून घेत गेले. ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक देशातल्या कितीतरी भाषांत गेलं, त्याचा मूळ कागद हा. बोलणारे विनोबा, पण ते बोलणं जगापर्यंत पोचलं ते शेजारी बसून खाली मान घालून लिहिणाऱ्या एका माजी शाळामास्तरामुळे. स्वतः लेखक असून, डोक्यात स्वतःचं इतकं काही असून, अठरा आठवडे दुसऱ्याचं वाक्य जसंच्या तसं उतरवत राहायचं, यासाठी कसला स्वभाव लागतो? मला वाटतं, शिक्षकाचा लागतो. चांगल्या शिक्षकाला ऐकता येतं. गुरुजींच्या जयंतीच्या भाषणांत प्रेम, त्याग, अश्रू हे सगळं येतं. हे ऐकणं येत नाही.

मग नाशिकचा तुरुंग, फेब्रुवारी १९३३. पाच दिवसांत ‘श्यामची आई’ लिहून झाली. इथून पुढे साने सर आपल्या हातातून गेले.

हे जरा सविस्तर सांगायला हवं. ‘श्यामची आई’ १९३५ मध्ये प्रसिद्ध झाली. १९५३ मध्ये आचार्य अत्र्यांनी तिच्यावर चित्रपट काढला आणि पहिल्याच राष्ट्रीय पुरस्कारांत त्याला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं. वनमालाबाईंची आई आणि माधव वझे यांचा श्याम घराघरांत गेला. गुरुजी तेव्हा हयात नव्हते. पुस्तकातली भूमी कोकणची: नारळ, ओटी, विहीर, पडवी. वाचकाला लेखक आठवतो तो पालगडच्या अंगणात, आईच्या पदराशी. खानदेशातली ती धूळ, ती उन्हं, ती अहिराणी बोलणारी पोरं, रात्री कंदिलापाशी दैनिक लिहिणारा तिशीच्या आतला तरुण, हे सगळं चित्राच्या चौकटीबाहेर राहिलं. नंतर त्यांच्या नावाच्या कथामाला निघाल्या, शाळा निघाल्या, त्यांची प्रार्थना घरोघर गेली. सगळं चांगलंच झालं. पण त्यातून जी मूर्ती उभी राहिली ती हळव्या, डोळे पुसणाऱ्या, मुलांत रमलेल्या सज्जनाची. असा सज्जन कुणालाच त्रासाचा नसतो. त्याला शाळेच्या दर्शनी भिंतीवर टांगता येतं.

खानदेशातल्या गिरणी कामगारांना आणि शेतकऱ्यांना मात्र हा माणूस चांगलाच त्रास देणारा म्हणून माहीत होता, म्हणजे त्यांच्या वतीने इतरांना. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन झालं, त्यासाठी ते गावोगाव फिरले. एप्रिल १९३८ मध्ये अमळनेरहून ‘काँग्रेस’ नावाचं साप्ताहिक काढलं. अतिवृष्टीने पिकं गेली तेव्हा शेतसारा माफ करा म्हणून शेतकऱ्यांच्या बाजूने उभे राहिले. अमळनेरच्या गिरणी कामगारांच्या लढ्यातही ते होते. ही गिरणी प्रतापशेठांची. ज्यांच्या दानातून ते शिकायला आले, ज्यांचं नाव असलेल्या शाळेत शिकवलं, त्यांच्याच गिरणीच्या फाटकाबाहेर कामगारांच्या बाजूला. यातला अवघडलेपणा त्यांना जाणवला नसेल असं मला वाटत नाही. तरी ते तिथे उभे राहिले. १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचं मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून प्राण पणाला लावून उपोषण केलं आणि दहाव्या दिवशी बडव्यांना दार उघडायला लावलं. १५ ऑगस्ट १९४८ रोजी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केलं. आणि ११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतःच आपलं आयुष्य संपवलं. शाळांतल्या पुण्यतिथीच्या भाषणात हे वाक्य बहुधा येत नाही. ‘देहावसान झालं’ म्हणून पुढे जातात. निराश झालेला गुरुजी आपल्याला पेलत नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरला ९७ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. संमेलननगरीला नाव साने गुरुजींचं. त्याच दिवसांत त्याच गावात विद्रोही साहित्य संमेलनही भरलं होतं. दोन्ही मांडवांना गुरुजी आपले वाटले, यात नवल नाही. त्यांच्यातला निम्मा माणूस एका मांडवात बसतो आणि निम्मा दुसऱ्यात.

आता पारावरच्या त्या वाक्याकडे येऊ. साने गुरुजींच्या खानदेशात ही गत. ज्यांच्याशी आजच्या शिक्षकाची तुलना होते, तो माणूस अविवाहित होता, त्याला हप्ते नव्हते, म्हाताऱ्या आईवडिलांचं दवाखान्याचं बिल नव्हतं, आणि नोकरीत मावेनासं झालं तेव्हा तो नोकरी सोडून निघून गेला. हे मोठेपण आहेच. पण ते कुणाला मासिक वेतनाच्या अटीत घालता येत नाही. आणि आपण नेमकं तेच करतो. शिक्षकाकडून समर्पण मागणारे लोक बहुधा त्याचं बिल दुसऱ्याने भरावं अशा बेताने मागतात. २००० साली राज्यात शिक्षण सेवक योजना आली. डी. एड. झालेल्या तरुणाने पहिली तीन वर्षं मानधनावर काढायची. प्राथमिकला सुरुवातीला महिन्याला तीन हजार, नंतर सहा हजार, आणि बऱ्याच आरडाओरडीनंतर २०२३ पासून सोळा हजार. नाव बघा, सेवक. सेवा म्हटलं की पैसे कमी दिले तरी चालतं. मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी सरकारी कर्मचाऱ्यांचा संप झाला, शिक्षकही उतरले, तेव्हा याच गुरुजींना ‘लाखभर पगार घेतात आणि वर पेन्शन मागतात’ हे ऐकावं लागलं. पेन्शन मागणारा मास्तर लोकांच्या मनातल्या फोटोशी जुळत नाही.

मास्तरांची बाजू घेताना मी त्यांना सरसकट सोडून देत नाही. मुलं पाचवीत गेली तरी जोडाक्षर येत नाही आणि शिक्षक संघटनेच्या निवडणुकीत रंगलेला, असे नमुने प्रत्येक तालुक्यात आहेत, शिंदखेडाही अपवाद नाही. पण अशा नमुन्यांची बातमी होते आणि दुसऱ्या प्रकारच्या मास्तरांची होत नाही. कारण त्यांचं काम दिसायला फार साधं असतं.

उदाहरणार्थ, पहिलीचा वर्ग. तापीकाठच्या किंवा बुराईकाठच्या एखाद्या वस्तीशाळेत जून महिन्यात पोरगं येतं आणि म्हणतं, ‘‘मास्तर, मनी पेन्सिल हराई गई.’’ शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलमधून निवड होऊन लांबच्या जिल्ह्यातून आलेल्या शिक्षकाला हे पहिल्यांदा कळत नाही. दोन मार्ग असतात. ‘नीट बोल’ म्हणून त्याला गप्प करायचं, किंवा आपण ‘हराई गई’ शिकायचं. पहिला मार्ग सोपा आणि नियमानुसार. दुसऱ्या मार्गाने गेलेला शिक्षक दिवाळीपर्यंत ‘‘कोठे जाई राह्यना?’’ विचारायला लागतो आणि मग पोरं त्याच्याशी बोलायला लागतात. ती बोलायला लागली की मग ‘हरवली’ हा शब्द फळ्यावर येतो. हे कुठल्याही ॲपवर नोंदवता येत नाही. नोंदवायला आहे काय? यू-डायस, सरल, आधार जुळणी, पोषण आहाराचा रोजचा आकडा, खिचडीचा तांदूळ किती आला, किती शिजला. शिक्षण हक्क कायद्याच्या २७ व्या कलमाने जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकाला इतर अशैक्षणिक काम देऊ नये म्हटलं आहे. निवडणूक म्हटली की मतदार यादी आली, बीएलओचं म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याचं काम आलं, आणि भर उन्हाळ्यात दारोदार फिरणारा मास्तर गावाला पुन्हा सरकारी माणूस म्हणून दिसला.

दिवाळीनंतरची गोष्ट आणखी वेगळी. पाऊस कमी झाला की शिंदखेडा तालुक्यातली कितीतरी कुटुंबं बिऱ्हाड उचलतात. कुणी ऊसतोडीला, कुणी कामासाठी गुजरातेत. पटावर पोरगं असतं, बाकावर नसतं. अशा वेळी जो मास्तर आदल्या रात्री वस्तीवर जाऊन आजीला सांगतो की पोराला ठेवून घे, जेवणाचं मी बघतो, तो त्या घरासाठी वेगळा माणूस होतो. त्याच्याविषयी बोलताना ते ‘सर’ म्हणत नाहीत, शिक्षक म्हणत नाहीत, त्याचं नाव घेऊन पुढे ‘भाऊ’ किंवा ‘आप्पा’ लावतात. पुढच्या वर्षी हे पोरगं शाळेत असतं म्हणून पट टिकतो, पट टिकतो म्हणून संचमान्यतेत पद टिकतं. हा व्यवहारही त्यात असतोच, आणि मला त्यात काही कमीपणा दिसत नाही. स्वतःचं पद वाचवता वाचवता एका पोराची शाळा वाचली तर वाचू दे की.

आणि मग बदली. २०१७ पासून जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्या संगणकावर होतात. संवर्ग, सेवाज्येष्ठता, अवघड क्षेत्र, पसंतीची गावं. मास्तर मंडळींच्या तोंडी यासाठी खेळातला शब्द आहे: खो. अमक्याने मला खो दिला, मी तमक्याला दिला. संगणकाला सेवेची वर्षं कळतात, पण अहिराणी शिकलेली कळत नाही. आठ वर्षांत पहिलीच्या चार पिढ्या ज्याने वाचत्या केल्या त्याला, आणि आठ वर्षं साडेपाचला किक मारणाऱ्याला, तिथे एकाच रांगेत उभं राहावं लागतं.

अशा वेळी राज्यात ठिकठिकाणी, खानदेशातही, गावकरी एक गोष्ट करतात. शाळेला कुलूप लावतात. शिक्षक दिला नाही म्हणून कुलूप लावल्याच्या बातम्या दर वर्षी जूनमध्ये येतात. आपला शिक्षक नेला म्हणून कुलूप लावल्याच्याही येतात. गटशिक्षणाधिकारी येतात, शाळा व्यवस्थापन समितीशी बोलतात, नियम सांगतात. सरपंच म्हणतात, नियम ठीक आहे साहेब, पण पोरं त्यांनाच मागतात. दोन-चार दिवसांनी कुलूप निघतं, नवा मास्तर येतो, हजेरीपट उघडतो आणि नावं वाचायला लागतो. त्याचा फोटो भिंतीवर लावायचा असतो, तो लागतोही. पहिल्या बाकावरचं पोरगं तेवढ्यात मागच्याला विचारतं, ‘‘हाऊ नवा शे का रे?’’ आणि वर्गाचं त्याच्याबद्दलचं मत बनायला सुरुवात होते.